रात्रीचे आकाश आणि आप्तवाक्य

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा विमानांशी काय संबंध, असे काहींच्या मनात आले असेल. संबंध आहे. रात्री उडणाऱ्या वैमानिकापुढचा प्रश्न हा आपल्या न्यायदर्शनाचाच प्रश्न आहे: मी आता कुठे आहे, पुढे काय आहे, आणि हे मला कशावरून कळणार? नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणे मानली. त्यांतली तीन आज आपण घेऊ: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द.

आधी प्रत्यक्ष. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विमान एका इंजिनाचे, छोटेसे पस मॉथ. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. विमानात रेडिओ नव्हता, खाली वाट दाखवणारी यंत्रणा नव्हती. जे डोळ्यांना दिसेल तोच आधार. अहमदाबादहून मुंबईकडे येताना आधी नर्मदा लागते, मग तापी. आपल्या प्रकाशाहून वाहत गेलेली तीच तापी! नदी ओळखली की जागा कळली. पण पावसाळ्यात जुहूचे मैदानच पाण्याखाली जायचे, तेव्हा टाटांना आपला तळ पुण्याला येरवड्याजवळ हलवावा लागे.

आता नदी दिसेनाशी झाली, तर? मग अनुमान. होकायंत्राने दिशा कळते, घड्याळाने वेळ, विमानाचा वेग माहीत असतो. त्यावरून हिशेब करायचा. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे म्हणतो, तसेच हे. पण आडवा वारा ताशी ५० किलोमीटरचा असेल आणि वैमानिकाला तो ठाऊकच नसेल, तर तासाभरात तो वाटेपासून ५० किलोमीटर बाजूला जाईल. हिशेब बिनचूक आणि माणूस भलत्याच ठिकाणी! अनुमानाची ही मर्यादा.

अमेरिकेत याची किंमत टपाल वैमानिकांनी जिवाने मोजली. फेब्रुवारी १९२१ मध्ये जॅक नाइट नावाचा वैमानिक रात्री टपाल घेऊन निघाला. वाटेत लोकांनी शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. ओमाहाला पुढचा वैमानिक आलाच नाही, म्हणून नाइट साध्या रस्त्यांच्या नकाशावर तसाच शिकागोकडे निघाला. आयोवा सिटीच्या मैदानावरची माणसे घरी गेली होती. एकटा रखवालदार जागा होता. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला आणि मशाल पेटवली. त्या उजेडात विमान उतरले.

एका रखवालदाराच्या जागेपणावर किती दिवस भागणार? १९२३ पासून तिथे हवाई मार्गावर फिरते दिवे उभारायला सुरुवात झाली. साधारण दर १६ किलोमीटरला एक मनोरा, पुढे त्याच्या पायथ्याशी सिमेंटचा मोठा बाण. आपल्या देवळापुढच्या दीपमाळेसारखेच, फक्त बघणारा आकाशात. १९३० नंतरच्या काही वर्षांत असे सुमारे १,५०० दिवे झाले. पण गंमत बघा, दिव्याची खरी गरज धुक्यात, आणि धुक्यात दिवाच दिसत नाही.

म्हणजे प्रत्यक्ष थकले, अनुमान अपुरे पडले. उरला शब्द. ऑगस्ट १९२० मध्येच अमेरिकेच्या टपाल खात्याने विमानतळांवर रेडिओ केंद्रे उभारायचा आदेश दिला होता. पुढच्या ठिकाणचे हवामान तिथला माणूस मागच्याला कळवी. पुढे विमानातही रेडिओ आला आणि ही माहिती थेट वैमानिकाला मिळू लागली. हीच पुढे उड्डाण सेवा केंद्रे झाली. एक भेद लक्षात ठेवा: नियंत्रण कक्ष हुकूम देतो, सेवा केंद्र माहिती आणि सल्ला देते. जायचे की नाही, हे वैमानिकच ठरवतो.

आपल्याकडे ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देश झोपलेला असे. नागपूर जागे असे.

मग शब्दावर विश्वास कधी ठेवायचा? नैयायिक म्हणतात, तो आप्ताचा असेल तर. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती नीट कळली आहे आणि ती जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायनांनी आणखी स्पष्ट केले की ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना हे लक्षण सारखेच लागू. इथे जन्म, पद, पदवी काही लागत नाही. आयोवा सिटीचा तो रखवालदार या अर्थाने आप्तच होता.

आज उपग्रह जागा अचूक सांगतात. अमेरिकेने २००५ मध्ये बहुतेक सेवा केंद्रे खासगी कंपनीकडे सोपवली, नंतर कितीतरी बंदही झाली. खर्च वाचला, आणि यंत्र थकत नाही, हेही खरे. आपल्या शेजारी शिरपूरला विमान शिकणाऱ्या पोरांच्या हातातही आज पडदा आहे. पण पडदा ‘तू इथे आहेस’ एवढे सांगतो. ‘पुढे आभाळ बरे दिसत नाही, आज थांब’ हे सांगायला समोरच्याची काळजी असणारे कुणीतरी लागते. लोणखेड्याच्या शेतकऱ्याला मोबाइलवर पावसाचा अंदाज येतो, तरी फवारणीआधी तो शेजारच्या जाणत्याला विचारतोच. त्याला अडाणीपणा म्हणू नका. तो आप्त शोधत असतो.

तेव्हा प्रश्न यंत्र की माणूस, हा नाही. सांगणाऱ्याला खरे माहीत आहे का, आणि तो खरे सांगेल का, हा आहे. कुणी आपल्याला पुढची वाट विचारील, तेव्हा हेच दोन प्रश्न आपल्यालाही लागू होतील.