तोरणमाळचं महाबळेश्वर का झालं नाही? उत्तर सातबाऱ्यात आहे

धुळे : शनिवारी पहाटे देवपूरहून गाडी काढायची, शिरपूर-शहादा करत सातपुड्याचा घाट चढायचा आणि रविवारी रात्री घरी परतायचं. पाऊस लागला की खान्देशात अनेकांचा हा ठरलेला बेत असतो. यशवंत तलाव, सीता खाई, थंड हवा, सगळं आहे. मग तोरणमाळला हॉटेलं इतकी कमी का?

गाव कोणाचं?
सुमारे ११५० मीटर उंचीवरचं तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी, म्हणजेच धडगाव तालुक्यात येतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळं होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. पावरा, भिल्ल या आदिवासी समाजांचा हा मुलूख राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत मोडतो.

जमीन घेता येते का?
सहजासहजी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि राज्य सरकारची पूर्वमान्यता लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन परक्या हाती जाऊ न देण्याचा अधिकार ग्रामसभेलाही दिला. आजूबाजूला राखीव जंगल आहे, ते वेगळंच. त्यामुळे बाहेरून येऊन प्लॉट पाडणं इथे अवघड आहे.

फायदा की तोटा?
दोन्ही. शेजारच्या गुजरातमध्ये सापुतारा वसवताना मूळ आदिवासी कुटुंबांना गाव सोडून नवागामला जावं लागलं. तोरणमाळवर ती वेळ आली नाही. पण पर्यटन कमी, म्हणजे हाताला कामही कमी. अक्राणीतली अनेक कुटुंबं आजही दरवर्षी ऊसतोडीसाठी गुजरात गाठतात.

मार्ग काय?
कायदा पर्यटनाला अडवत नाही, जमिनीची मालकी हातातून जाऊ देत नाही. स्थानिक कुटुंबाने आपल्याच जागेत पाहुण्यांची सोय केली, तर जमीन आणि पैसा दोन्ही गावात राहतात. खरी अडचण आहे ती भांडवल, पाणी आणि रस्त्यांची.

जाणार असाल तर...
मुक्कामाची सोय निघण्याआधीच करून ठेवा. पावसात घाटात दरड कोसळण्याचा धोका असतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत वर पोहोचा. महाशिवरात्रीला गोरखनाथांची मोठी यात्रा भरते, तेव्हा खोली मिळणं आणखी कठीण. आणि जेवण, चहा, वाटाड्या गावातलाच घ्या.