गोठलेल्या खाद्यपदार्थात घातक वस्तू आढळल्यास

भीमा व अमरजा या नद्यांच्या संगमावरील श्रीक्षेत्र गाणगापूर येथे महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतून यात्रेकरू येतात. दुपारी माधुकरी मागण्याची प्रथा तेथे आजही पाळली जाते. माधुकरी कोणत्या घरातून मिळाली हे घेणाऱ्यास ठाऊक असते. बंद वेष्टनातील आइस्क्रीमच्या कोनाचे तसे नाही. तो कोणी, कोठे व केव्हा तयार केला हे सांगणारा साक्षीदार एकच, त्यावरील कागद; आणि नेमका तोच प्रथम फाडून फेकला जातो.

भीमेच्याच वरच्या खोऱ्यातील इंदापूर येथे तयार झालेल्या एका कोनाचे प्रकरण जून २०२४ मध्ये देशभर गाजले. मुंबईतील मालाड येथील एका डॉक्टरांना तो खाताना तोंडात काही कठीण लागले. सुकामेवा वा चॉकलेट असावे, असे त्यांना वाटले. निरखून पाहता नख दिसले. तो मानवी बोटाचा तुकडा होता. त्यांनी तो बर्फात ठेवून पोलीस ठाणे गाठले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उत्पादकाचा परवाना निलंबित केला. तो तुकडा कारखान्यात काम करताना जखमी झालेल्या एका कामगाराच्या बोटाचा असल्याचे डीएनए चाचणीत निष्पन्न झाले. तुटलेला भाग हाती लागेपर्यंत त्या वेळचा माल रोखून धरावा, एवढी साधी दक्षताही राहून गेली होती.

थंडीने जीभ बधिर होते व गोठलेला पदार्थ मुळातच कठीण असतो. त्यामुळे काच, हाड वा प्लॅस्टिक चटकन जाणवत नाही. कारखान्यातील धातुशोधक यंत्र धातूचा कण टिपते, काच वा हाड नव्हे. त्यासाठी क्ष-किरण यंत्र लागते, आणि पातळ प्लॅस्टिक त्यातूनही निसटू शकते.

अशी वस्तू आढळताच खाणे थांबवावे. वस्तू धुऊ नये. उरलेला पदार्थ व वस्तू स्वच्छ पिशवीत घट्ट बांधून, पाणी आत शिरणार नाही अशा बेताने, बर्फात ठेवावी. वेष्टन व पावती जपावी. वेष्टनावरील चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाचा गट क्रमांक व दिनांक यांचे छायाचित्र घ्यावे. विक्रेत्याने बदली कोन देऊ केल्यास घेण्यास हरकत नाही. मात्र पहिला त्याच्या हवाली करू नये.

इजा झाल्यास डॉक्टरांचा कागद जपून ठेवणे अगत्याचे आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ६५ मध्ये ग्राहकास भरपाईची तरतूद असून ती मृत्यूबाबत किमान ५ लाख, गंभीर इजेबाबत कमाल ३ लाख व अन्य इजेबाबत कमाल १ लाख रुपये आहे.

गाणगापूर येथील तक्रार कलबुर्गी जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे करावी. हा अधिनियम दोन्ही राज्यांत सारखाच लागू आहे. गावी परतलेल्या यात्रेकरूस राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते; तेथे मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत बोलण्याची सोय आहे.