हारातला रुपया

अक्कलकुवा तालुक्यातली काठी गावची होळी रात्रभर जागते आणि पहाटे पेटते. त्या उजेडात बायाबापड्यांच्या अंगावरची चांदी लखलखते. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा घरांत या चांदीत जुन्या रुपयांचे हारही असतात. त्यातला एकच रुपया जवळून बघा. वर झाळून बसवलेली कडी, राणी व्हिक्टोरियाचा मुखडा, मागे साल १८६२. हे साल १८७४ उजाडेपर्यंत बदललंच नाही! मधल्या वर्षांत पडलेले रुपये अभ्यासक मागच्या बारीक ठिपक्यांवरून ओळखतात.

पण हारात रुपयाच का ओवायचा? कारण त्याचं वजन ठरलेलं, एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. कसही ठरलेला, बारा भागांत अकरा भाग चांदी. पारख आधीच झालेली पुंजी गळ्यात घालून मिरवायची, नड आली की मोडायची. १९४०च्या अखेरीस मात्र चांदी निम्म्यावर आली, वजन तेच राहिलं. तेव्हापासून सालाला मोल आलं.

संग्राहक त्याच रुपयात आणखी काही शोधतो. टाकसाळीत ठसा दाबला जातो तेव्हा चांदी क्षणभर कडेकडे वाहते आणि वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा मागे राहतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरपं फिरवलं, की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा त्यावर फिरतो. चिंच लावून घासलं, की नाणं चकचकतं खरं, पण रेषा जातात आणि तो फिरता उजेड कायमचा जातो. शिवाय हाताळून उंचवटे झिजतात, राणीच्या कपाळावरचे केस सपाट होतात.

ही झीज आकड्यात मांडली अमेरिकेत. विल्यम शेल्डननं १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी केली. सत्तरच का? तेव्हा कोऱ्या करकरीत सेंटला, जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटच्या सत्तरपट भाव मिळे, म्हणून! ते भाव कधीच मागे पडले, पण आज आपल्या रुपयांनाही याच मोजपट्टीनं आकडा मिळतो. दुर्मीळपणाचा हिशेब वेगळा. १९११च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, पुष्कळ नाणी वितळवली गेली. म्हणून उरलेल्यांना आज मागणी आहे.

कडी झाळलेल्या रुपयाला मात्र साधा आकडा मिळत नाही, दोष सांगणारा शेरा बसतो. पण त्याच्या कडा शेजारच्या रुपयांवर घासून गुळगुळीत झाल्या आहेत. बाजारात हातोहात फिरलेल्या नाण्यावर अशी झीज सहसा सापडत नाही, ही चालण्या-नाचण्यानं झालेली आहे. घरात असा हार असेल तर कडी तोडू नका. ती काढून आकडा परत येत नाही, हार तेवढा मोडतो. भिंग घ्या, साल वाचा, ठिपके शोधा आणि हा हार कुणाकुणाच्या गळ्यात होता ते आजीला विचारून लिहून ठेवा.