छायाचित्रसंग्रहाचे प्रयोजन : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना जिल्ह्यातील ज्या तरुणांना छायाचित्रणाची मनापासून ओढ आहे, त्यांच्यात असा समज खोल रुजलेला आढळतो की, अजिंठ्याची लेणी किंवा हिमालयाची शिखरे ज्याने टिपली नाहीत, त्याचा पोर्टफोलिओ दुबळाच राहावयाचा. इतिहासाचा दाखला याच्या उलट आहे. निजामाच्या अमलात जालना औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात त्याच जिल्ह्यात हैदराबादच्या राजा दीनदयाळ यांच्या चित्रशाळेने अन्नान्न दशेला पोचलेल्या रयतेची छायाचित्रे घेतली. दरबार आणि राजवाडे टिपून कीर्ती पावलेल्या या चित्रशाळेने ती घेतली सरकारच्या मदतकार्याची साक्ष म्हणून. परंतु विषय एक, मुलूख एक आणि हेतू निश्चित असल्यामुळे, आज त्या संग्रहात राज्यकर्त्यांच्या औदार्यापेक्षा रयतेची उपासमारच अधिक स्पष्ट वाचता येते.

उत्तमोत्तम चित्रे एकत्र केली की संग्रह सिद्ध होतो, हा दुसरा आणि माझ्या मते सर्वांत घातक समज. एक सूर्यास्त, राजूरच्या गणपतीची यात्रा, एखाद्या वृद्धेचा सुरकुतलेला चेहरा अशी चित्रे सुटी सुटी कितीही देखणी असली, तरी ती काढणाऱ्याला काय सांगावयाचे आहे याचा बोध त्यांतून होत नाही. याउलट मोसंबी हा एकच विषय घ्यावा : पाणी तोडून बागेला दिलेला ताण, त्यानंतर धरलेला बहार, तोडणी, बाजार समितीतील लिलाव, आणि ज्या शेतकऱ्याच्या बागा २०१२-१३ च्या अवर्षणात वाळल्या त्याने पुन्हा लावलेली रोपे. अशी पंधरा-वीस चित्रे क्रमाने मांडली, आणि त्या क्रमात न बसणारे चित्र कितीही लाडके असले तरी निष्ठुरपणे वगळले, तर त्यातून या जिल्ह्याच्या पाण्याची कैफियतच उभी राहील. मुंबईच्या सफाई कामगारांवर दीर्घकाळ काम करून छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी जी ओळख मिळवली, तिचे मूळही अशा एकाग्रतेतच आहे.

महागड्या कॅमेऱ्याविषयीचा समज मात्र थोडक्यात निकालात काढता येतो. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ए-४ आकाराच्या छपाईस सुमारे ८७ लाख पिक्सेल पुरतात, आणि पुरेशा उजेडात तेवढे तपशील आजचा साधा मोबाइलही देतो.

चित्र बोलके असले की मजकुराची गरज नाही, असेही म्हटले जाते. परंतु गाव, तालुका, तारीख आणि चाललेले काम यांची नोंद त्याच दिवशी केली नाही, तर काही वर्षांनी चित्राचा दस्तऐवज म्हणून उपयोग उरत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराचे चित्र घ्यावयाचे, तर मालकाच्या परवानगीइतकीच त्या कामगाराची संमतीही आवश्यक मानावी, चित्र कोठे दाखविले जाणार हे त्याला आधी सांगावे, आणि छापील प्रत त्याच्या घरी पोचविण्याची तजवीज करावी.