परदेशस्थ भारतीय नागरिक व पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश

परकीय नागरिकत्व असलेल्या, परंतु मूळच्या भारतीय असलेल्या व्यक्तींना नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७ अ अन्वये ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ म्हणून नोंदणी करता येते. त्यांना ‘ओसीआय’ कार्डधारक असे म्हणतात. ही योजना २००६ मध्ये सुरू झाली. नाव नागरिकाचे असले, तरी हे पूर्ण नागरिकत्व नव्हे. कार्डधारकास मतदानाचा हक्क नसतो. त्याचे हक्क केंद्र शासन कलम ७ ब खालील अधिसूचनेद्वारा ठरविते. प्रवेशविषयक वाद मुख्यतः या तरतुदीतून उद्‌भवले.

५ जानेवारी २००९ च्या अधिसूचनेने अखिल भारतीय प्रवेशपरीक्षांबाबत कार्डधारकांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने स्थान दिले. अनिवासी भारतीय हा भारताचाच नागरिक असल्याने सर्वसाधारण जागाही आपणांस खुल्या आहेत, असा कार्डधारकांचा दावा होता. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने मात्र त्यांना केवळ अनिवासी भारतीयांच्या व अधिसंख्य जागांपुरते पात्र ठरविले. अनिवासी जागांचे शुल्क पुष्कळ अधिक असते. शिवाय महाराष्ट्रातून उद्‌भवलेल्या इनामदार खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने खाजगी संस्थांतील अशा जागांवर १५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. त्यामुळे परदेशात जन्मून भारतातच शिकलेल्या विद्यार्थ्यांपुढे शिक्षण थांबण्याचा प्रश्न उभा राहिला.

३ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी अधिसूचना काढण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. तथापि ती पूर्वलक्षी प्रभावाने लावणे मनमानी ठरविले. परिणामी ४ मार्च २०२१ पूर्वी कार्ड मिळालेल्यांची सर्वसाधारण जागांवरील पात्रता कायम राहिली. निर्णायक बाब नोंदणीची तारीख ही होय. प्रवेशाचे वर्ष नव्हे.

महाराष्ट्रात प्रवेशप्रक्रिया राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष राबवितो. अभिमत विद्यापीठे वगळता राज्यातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न असून परीक्षा घेणे व पदवी देणे ही कार्ये विद्यापीठाकडे आहेत. पदव्युत्तर स्तरावर अधिवासाचा प्रश्नही निगडित असतो. निवासावर आधारित आरक्षण या स्तरावर घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी स्पष्ट केले. मर्यादित संस्थात्मक प्राधान्य मात्र ग्राह्य मानले.

कार्डधारक म्हणून पाच वर्षे नोंदणी व अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य असल्यास कलम ५ अन्वये पूर्ण नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी परकीय नागरिकत्व सोडावे लागते.