दोन सेंटची सेवा: चर्चमधल्या महिलांचा सत्कार कसा व्हावा?
पुण्यातल्या ओल्डहॅम मेथडिस्ट चर्चला बिशप विल्यम ओल्डहॅम यांचं नाव आहे. 1873 मध्ये पुण्यातच त्यांचं आयुष्य बदललं, ते मेथडिस्ट झाले. पण या पंथाचं भारतातलं काम महिलांच्या चिल्लरवरही उभं राहिलं. 1869 मध्ये बॉस्टनच्या महिलांनी संस्था काढली. वर्गणी आठवड्याला फक्त दोन सेंट! त्यातून 1870 मध्ये इसाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन भारतात आल्या. स्वेनबाईंनी बरेलीत महिलांसाठी रुग्णालय उभारलं.

अमेरिकेत महिलांना पाळकपदाचे पूर्ण हक्क मिळायला मात्र 1956 उजाडलं. संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, सणाचा स्वयंपाक? ते बिनपगारी. म्हणून आयुष्यभर राबलेल्या आजींना शाल देताना त्यांचं काम वर्षांसकट चर्चच्या नोंदवहीत लिहा. आणि हो, माइक त्यांच्याच हातात द्या.