उघडी राहिलेली हजेरी

कापसाच्या हंगामात पांढुर्णा-सौंसरकडे जिनिंगला रात्रपाळी लागते. जिथे हजेरी वहीतून मोबाइलवर आली आहे, तिथे एक भांडण हमखास होतं: येताना बटण दाबलं, जाताना राहिलं. मग त्या दिवसाचं काय?

गैरसमज असा की फोन बंद पडला म्हणजे वेळ मोजणंही थांबतं. नीट बनवलेलं ॲप सेकंद मोजत बसत नाही. ते सुरुवातीची वेळ लिहून ठेवतं आणि शेवटी वजाबाकी करतं. बॅटरी संपली तरी सुरुवात शाबूत राहते. हुकतो तो फक्त शेवट.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो: रात्री बारा वाजता उघड्या नोंदी आपोआप बंद केल्या की हिशेब चोख. रात्री दहाला आलेला आणि सकाळी सहाला सुटलेला मजूर आठ तास राबतो, नोंदीत मात्र दोनच उरतात. त्यात सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल तर त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, म्हणजे शेवटचा अर्धा तास भलत्याच तारखेला जातो. सरसकट आठ तास धरणं हाही अंदाजच. कारखान्यातल्या जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे, तो अशा अंदाजात बुडतो.

तिसरा: नोंद उघडी म्हणजे माणूस कामचुकार. उदाहरण रोजगार हमीचं: तिथल्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून 'एनएमएमएस' ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोन फोटो लागत, दुसरा पहिल्यानंतर चार तासांनी. मोबाइल मेटच्या, म्हणजे कामावर देखरेख ठेवणाऱ्याच्या हातात, रेंज नसलेलं रान, आणि दुसरा फोटो चढला नाही म्हणून मजुरी गेल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. खड्डा खणून झालेला होता. अपुरी होती ती नोंद. अपवादात्मक परिस्थितीत हाताने हजेरी चढवण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर ठेवावा लागला, तो यामुळेच.

सॉफ्टवेअरने शेवट स्वतः ठरवू नये. नोंद 'अपूर्ण' म्हणून वेगळी दाखवावी, दुसऱ्या दिवशी कामावर येताच मजुराला विचारावं, मुकादमाची संमती घ्यावी. मूळ नोंद पुसू नये. दुरुस्ती कोणी, कधी, का केली ते शेजारी राहावं.

तुमची हजेरी मोबाइलवर लागत असेल तर हप्ता निघण्याआधी ती मागून बघा. अपुरा दिवस दिसला तर त्याच आठवड्यात सांगा, सोबत काम करणाऱ्यांना वेळ आठवते तोवर.